गिअरबॉक्स बदलायच्या आधी एकदा पॅन उघडून बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१४ची तीन लिटर डिझेलवाली जर्मन सेडान, ८ गिअरचा झेडएफ (जर्मन गिअरबॉक्स कंपनी) ऑटोमॅटिक, रनिंग १ लाख १२ हजार किमी, गोव्यात पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामात गाडी रांगेत अडकली की दुसऱ्यातून तिसरा पडताना झटका बसतो आणि गॅरेजवाल्याने गाडी वर न घेताच सांगितलं की बॉक्स गेला, दुसरा टाका. त्यात तुम्हाला रीमॅप पण करायचाय, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायचीय. तर आधी एवढंच सांगतो, इतक्यात पैसे मोजू नका.

"एवढी जड गाडी, एवढा टॉर्क, ऑटोमॅटिक टिकणार कसा" असं तुम्ही लिहिलंय (टॉर्क म्हणजे इंजिनाची फिरवायची ताकद, न्यूटन मीटरमध्ये मोजतात), ती भीती डोक्यातून काढा. झेडएफचा हा 8एचपी बॉक्स २००९मध्ये पहिल्यांदा बीएमडब्ल्यूच्या 760एलआयमध्ये आला, म्हणजे व्ही12 इंजिनाच्या लांबलचक गाडीत. त्याच्या नावातच त्याची कुवत लिहिलेली असते, 8एचपी45 म्हणजे ढोबळमानाने ४५० न्यूटन मीटरच्या वर्गातला, 8एचपी70 म्हणजे ७००च्या, 8एचपी90 म्हणजे ९००च्या. अमेरिकेतली डॉज चार्जर हेलकॅट घ्या, चार दारांची सेडान, दोन टनांच्या वर वजन, ७०७ हॉर्सपॉवर, ८८१ न्यूटन मीटर, तिच्यातही याच घराण्यातला बॉक्स. बीएमडब्ल्यू एम5 मध्ये एक पिढी ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) होता आणि २०१७ला नवीन एम5 आली तेव्हा ७५० न्यूटन मीटरसाठी ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनाची ताकद तेलातून बॉक्सकडे देणारा भाग) 8एचपीकडेच वळले. मर्सिडीजचंही बघा, २००३मध्ये ७ गिअरचा नवीन बॉक्स आलेला असताना १००० न्यूटन मीटरच्या एस65 एएमजीला त्यांनी जुना ५ गिअरचाच ठेवला, कारण तो ओझं पेलायचा आणि तरीसुद्धा इंजिनाचा टॉर्क त्या १०००वर इलेक्ट्रॉनिकली अडवून धरावा लागला होता. म्हणजे मोठ्या ताकदीसाठी साधा, जाड हाडाचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक हीच बनवणाऱ्यांची पहिली पसंती राहिली आहे.

मग हे बॉक्स खराब होतात कशाने? माझ्या अनुभवात गरम होऊन आणि जुन्या तेलाने. आत काय होतं ते समजून घ्या. तुमच्या बॉक्समध्ये चार प्लॅनेटरी सेट (एकमेकांभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांचे संच) आणि पाच क्लच-ब्रेक आहेत, कुठल्याही गिअरला त्यातले तीन दाबलेले आणि दोन सुटे. हे दाबायचं काम तेलाचा प्रेशर करतो, घासणाऱ्या प्लेटींना कागदासारखं अस्तर असतं, त्यांची उष्णता वाहून नेणारंही तेच तेल. पहिल्या गिअरचा रेशो ४.७, त्यात जागेवरून सुटताना कन्व्हर्टर टॉर्क आणखी वाढवून देतो. गाडी पळायला लागली की कन्व्हर्टर लॉक होतो, म्हणजे इंजिन आणि बॉक्स थेट जोडले जातात, आणि तेल थंड राहतं, पण पर्वरीला तुम्ही पाऊणतास इंच इंच सरकता तेव्हा तो लॉकच होत नाही, इंजिनाची ताकद तेल घुसळण्यात जाते आणि वर आपल्याकडचा एप्रिल-मे. तेल ८०-९० डिग्रीला असेल तर काही काळजी नाही, १२०च्या वर वारंवार गेलं की ते पटापट म्हातारं होतं. हायवेला दीडशेने पळालेल्या बॉक्सपेक्षा रांगेत रडत सरकलेला बॉक्स आतून जास्त थकलेला असतो.

तुमच्या गाडीचं तेल कधी बदललंय का ते जुन्या मालकाकडून विचारून घ्या. बहुतेक "लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं" असंच उत्तर येईल. पण बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा ८ वर्षं, जे आधी होईल तेव्हा तेल बदला असं सांगते. तुमची गाडी दोन्ही हिशोबात बसलेली आहे. तेल थकलं की क्लच भरायला लागणारा वेळ बदलतो, कंप्युटर आपल्या परीने अॅडजस्ट करत राहतो, त्याला अॅडॅप्टेशन म्हणतात, आणि त्याची मर्यादा संपत आली की तुम्हाला झटका जाणवतो.

बॉक्सवर आळ घेण्याआधी इंजिन माउंटिंग, गिअरबॉक्स माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्टचं (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) रबरी कपलिंग तपासायला सांगा. १० वर्षांत रबर फाटतं आणि त्याचाही झटका अगदी गिअरबॉक्सचाच वाटतो. ते ठीक असेल तर पॅन, म्हणजे बॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं, उघडा. या बॉक्सचा पॅन प्लास्टिकचा, फिल्टर त्यातच, म्हणजे बदलायचा तर अख्खा पॅनच नवीन. पॅनमध्ये लोहचुंबक असतात. मी दरवेळी मेस्त्रीला बाजूला करून चुंबकावरची राख बोटावर घेतो आणि दुसऱ्या बोटाने चोळून बघतो. काजळासारखी मऊ, काळपट करडी असेल तर नॉर्मल झीज. चोळताना बोटाला टोचणारे कण लागले, पत्र्याची चमक दिसली, तर आत काहीतरी तुटतंय. तेलाला करपलेला, नाकात बसणारा वास आला तर क्लच जळालेत, तेव्हा मात्र बॉक्स उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. ही दहा मिनिटांची तपासणी ज्याने केली नाही त्याने "बॉक्स गेला" म्हणू नये, मला याचा खरंच राग येतो.

आता तेल भरण्याची गोष्ट, कारण इथेच मी स्वतः अडकलो होतो. माझ्या आधीच्या सेडानचं तेल म्हापशाच्या बाजूच्या एका गॅरेजमध्ये बदललं. तेलाची लेव्हल बघायची असते इंजिन चालू ठेवून आणि तेल ३० ते ५० डिग्रीच्या मध्ये असताना, भरायच्या भोकातून जास्तीचं तेल बाहेर यायला लागलं की बोल्ट लावायचा. त्यांनी गाडी फिरवून आणून गरमागरम असतानाच लेव्हल लावली. गरम तेल फुगतं, भोकातून लवकर बाहेर येतं, म्हणून थंड झाल्यावर आत कमी पडलं. कोणाला कळलंच नाही. चवथीला साखळीहून बेळगावला सासुरवाडीला निघालो, चौघं आणि डिकीभर सामान, केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या वळणाला आरपीएम एकदम वर, गाडी जागची हलेना, मग धाडकन गिअर पडला. घाटात मागे ट्रक, बाजूला बायको देवाचं नाव घेतेय. बेळगावला दुसऱ्या मेस्त्रीने गाडी थंड होऊ दिली, लॅपटॉप लावून तेलाचं तापमान बघत भरलं, जवळजवळ एक लिटर आत गेलं. त्याच बॉक्सवर नंतर मी २ लाख पार केले. म्हणून तुम्ही जिथे जाल तिथे एकच प्रश्न विचारा, लेव्हल किती तापमानाला लावणार? उत्तर देताना चाचरला तर गाडी घेऊन परत या. आणि जुनं तेल काढायच्या आधी भरायचा बोल्ट उघडतो का ते बघायला सांगा, तो अडकला तर गाडी तेलाविना तिथेच पडून राहील.

एकदा पॅन उघडला की साधारण निम्मंच तेल निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं, तेव्हा ५-१० हजार किमीनंतर परत एकदा बदलता आलं तर उत्तम. तेल झेडएफचं लाइफगार्ड 8 किंवा गाडीवाल्या कंपनीने सांगितलेलंच, "सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं" वालं नको. शेवटी अॅडॅप्टेशन रिसेट करून घ्या, पहिले काही दिवस गिअर थोडे ओबडधोबड पडतील, घाबरू नका.

रीमॅपबद्दल. तुमच्या इंजिनाचा ५६० न्यूटन मीटर आणि बॉक्स ७००च्या वर्गातला, म्हणजे कागदावर जागा आहे. पण बॉक्सचा कंप्युटर क्लचला किती प्रेशर द्यायचा ते इंजिनाने सांगितलेल्या टॉर्कवरून ठरवतो. स्वस्तातला रीमॅप इंजिनाला खरा टॉर्क लपवायला लावतो, बॉक्सला वाटतं ५६० येतोय आणि येतो ६५०, प्रेशर कमी पडतो, क्लच हळूच घसरतो, तुम्हाला जाणवतही नाही आणि सहा महिन्यांत प्लेटी जळतात. झटका असलेल्या बॉक्सवर तर अजिबात नको. तेल बदलून वर्षभर सुरळीत चालली तर बघू.

चालवताना घाट चढताना मॅन्युअलला टाकून तिसरा-चौथा धरून ठेवा, उतरताना पण तसंच. फेरीबोटीच्या उतारावर किंवा पणजीतल्या आल्तिनोच्या चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबा. पार्क करताना आधी हँडब्रेक, मग पी, नाहीतर पावणेदोन टन एका छोट्या दाताळ्यावर लटकतात. गाडी मागे सरकत असताना डी टाकायचा नाही. आणि कधी बंद पडली तर फ्लॅटबेडच मागवा, दोरीने ओढत नेऊ नका, या बॉक्सचा तेलपंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद तर आत तेल फिरत नाही.

या आठवड्यात स्कॅन करून घ्या आणि अॅडॅप्टेशनचे आकडे, ट्रॅफिकमध्ये तेलाचं तापमान किती जातंय ते आणि चुंबकाचा फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.