चासी कापलेली जीप आणि गाडी अडवून बसलेला कारागीर

प्रश्न : आजोबांच्या नावावर १९६८ची महिंद्राची सीजे-३बी जीप आहे. आजोबा २०१७ साली वारले. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) अजून त्यांच्याच नावावर आहे आणि तिची मुदतही संपली आहे. पत्रा सडला होता म्हणून गाडी धुळ्यातल्या एका बॉडी मेकरकडे दिली. १ लाख ८० हजारांत तोंडी ठरलं, त्यातले १ लाख २० हजार यूपीआयने दिले. मध्यंतरी माझ्या भावाने त्याला व्हॉट्सॲपवर एका लांब जीपचा फोटो पाठवून ‘अशी झाली तर भारी’ असं लिहिलं. कारागिराने चासी (गाडीचा खालचा सांगाडा) कापून, जोड देऊन मागची बाजू सव्वा फूट वाढवली. आता राहिलेल्या ६० हजारांवर तो आणखी ९५ हजार आणि रोजचे २०० रुपये जागाभाडं मागतो. ‘पैसा द्या, गाडी लई जा’ एवढंच त्याचं उत्तर. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) लग्नसराईत जीप भाड्याने द्यायचा विचार होता. पोलिसांत जाऊ का? आणि जुन्या, जपलेल्या गाड्यांना मिळतो तो व्हीए मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळेल का?
– एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : पोलिसांत आत्ता जाऊ नका. ‘दिवाणी बाब आहे’ असं सांगून ते परत पाठवतील आणि या टप्प्यावर त्यांचं म्हणणं चुकीचंही नसेल. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम १७० प्रमाणे, ज्याने तुमच्या वस्तूवर हुन्नर आणि मेहनत खर्च केली त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. कलमाखाली उदाहरण दिलंय ते जव्हेऱ्याकडे पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याचं. पत्र्याच्या जीपलाही तोच नियम.

पण या हक्काला हद्द आहे. ज्या कामासाठी वस्तू दिली त्याच कामाचा मोबदला यात धरला जातो. पत्राकाम, वेल्डिंग, लांबी (पुट्टी) भरून रंग, हे ठरलेलं काम पूर्ण झालं असेल तर ६० हजारांपुरती गाडी अडवायला त्याला आधार आहे. जागाभाड्याला नाही. स्वतःच्या पैशासाठी गाडी त्याने स्वतःच रोखली आहे, तसं आधी ठरलेलं नसताना तिचं भाडं तुमच्यावर बसत नाही. गाडी विकायचा अधिकारही या कलमातून मिळत नाही. त्याने ती विकली, इंजिन किंवा सामान काढून खपवलं, तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६खाली विश्वासघाताची फिर्याद देता येईल. तेव्हा पोलीस.

राहिले ९५ हजार. खरी गुंतागुंत इथेच आहे. चासी वाढवली हा तुमच्या हातातला हुकमी पत्ता आहे, असं तुमच्या पत्रातून जाणवतं. कारागीरही त्याच कामाचे पैसे मागतोय. माझ्या मते तो पत्ता दोघांच्याही हातात जळतो.

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. केरळातल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असंच सांगितलं. मालकाने बेकायदा बदल केला तर कलम १८२अ(४) प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ‘आम्हीच सांगितलं होतं’ असं म्हणालात तर गुन्हा अंगावर घेतलात. आणि ‘मालकानेच सांगितलं’ असं कारागीर म्हणाला, तर कायद्याने मना असलेल्या कामाची मजुरी तो मागतोय. करार कायद्याच्या कलम २३ मुळे असा करार कोर्टात टिकणं अवघड. ९५ हजारांच्या मागणीला तुमच्या नोटिशीत हेच उत्तर जाऊ द्या.

भावाचा तो मेसेज मात्र पुसू नका. कारागिराच्या फोनमध्ये तो आहेच, आणि तुमच्याकडून गायब झालेला दिसला तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टीही संशयात येतील. ‘भारी’ म्हणणं म्हणजे चासी कापायची ऑर्डर नव्हे, एवढं म्हणायला जागा आहे. पण काम चालू असताना तुम्ही गॅरेजवर जात होतात का आणि वाढवलेली बाजू पाहून गप्प राहिलात का, हे तुमच्या वकिलाला खरं सांगा. पत्रात तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही, म्हणून विचारतोय.

आता टेप घेऊन धुळ्याला जा आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. सीजे-३बीचा व्हीलबेस ८० इंच असतो. तो तेवढाच भरला तर जोड मागच्या ॲक्सलच्या मागे आहे, आणि वाढवलेला भाग काढून गाडी पूर्वीसारखी करणं त्यामानाने सोपं. अंतर वाढलेलं असेल तर चासी मधोमध कापली आहे. मग काम मोठं आणि जोखमीचं. जोडाचे, मापाचे आणि चासी नंबरचे फोटो काढा. कापाकापीत नंबरच्या जागेला धक्का लागला असेल तर कुणाच्याही सांगण्यावरून नवा नंबर ठोकून घेऊ नका. ते आरटीओच्या परवानगीनेच व्हायला हवं, नाहीतर चोरीच्या गाडीचा संशय येतो.

सडलेला पत्रा काढून त्याच मापाचा नवा बसवणं वेगळं. कलम ५२ खालीच खुलासा आहे की बदल म्हणजे वाहनाचं मूळ स्वरूप पालटेल असा रचनेतला फेर. फ्लोअर, मडगार्ड, बाजूचे पत्रे हाताने घडवून मूळ मापात बसवले तर ती दुरुस्तीच.

व्हिंटेज नंबरची कसोटी मात्र कडक आहे. जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१अ पासूनचे नियम आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली हवीत, ते तुमच्याकडे आहे. पण गाडी मूळ रूपात हवी आणि चासीत, बॉडी शेलमध्ये किंवा इंजिनात फेरफार नको. आजच्या अवस्थेत व्हिंटेज गाड्या तपासणाऱ्या समितीपुढे नेलीत तर नकार जवळजवळ ठरलेला. आरसीवरचं इंधनही बघा. आपल्याकडे त्या पिढीतल्या कितीतरी जीपचं पेट्रोल इंजिन काढून शेतकऱ्यांनी डिझेल बसवलं. आजोबांनीही तेच केलं असेल तर चासी नीट करूनही व्हीए विसरा. शिवाय व्हिंटेज नोंदणीची फी २० हजार, आणि पुढे गाडी फक्त प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर. रोजचा वापर नाही, धंदा तर नाहीच. अमळनेरहून शेतात जायला जीप हवी असेल तर नेहमीच्या नोंदणीचं मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१(१०) खाली पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेणंच बरं.

त्याआधी नाव. वारस म्हणून आरटीओत नमुना ३१ मध्ये अर्ज करा. मुदत तीन महिन्यांची होती, ती केव्हाच गेली. उशिराचा भुर्दंड बसेल. काका, आत्या असतील तर त्यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं आत्ताच घ्या, नंतर जीप चकचकीत दिसली की सगळ्यांनाच आजोबा आठवतात. आरसी तुमच्या नावावर नाही म्हणून गाडी देणार नाही, हा बहाणा कारागिराला करता येत नाही. गाडी तुम्ही सोपवली, तुम्हालाच परत करायची.

कागद असे करा. आधी वकिलामार्फत नोटीस : ठरलेल्या कामाचे ६० हजार गाडी तपासून द्यायला तयार आहोत, वाढीव मागणी आणि जागाभाडं अमान्य, मूळ मापात आणून द्या. दाद दिली नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, धुळ्याच्या खेपा नकोत. दिलेला मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही, मुदत दोन वर्षं. ६० हजार आयोगात भरायची तयारी दाखवून गाडी ताब्यात मिळण्यासाठी अंतरिम अर्जही सोबत जोडा.

पण जीप भाड्याने द्यायचा विषय आजपासून बंद. ‘व्यापारी कारणासाठी सेवा घेतली’ एवढं सिद्ध झालं तर तुम्ही ग्राहकच उरत नाही, आणि आयोगाचं दार बंद होऊन दिवाणी दाव्याकडे वळावं लागतं. खासगी नोंदणीची गाडी परवान्याशिवाय भाड्याने लावणं हा पुन्हा वेगळा गुन्हा. आखाजीसाठी कुणाची आगाऊ रक्कम घेतली असेल तर परत करा.

आणि गाडी सुटली तरी ती चालवत अमळनेरला आणू नका. नोंदणी संपलेली, बहुधा विमाही नाही आणि चासीला नवा जोड. टेम्पोवर चढवून आणा आणि टेम्पोच्या भाड्याची पावती जपून ठेवा, खर्चाच्या मागणीत तीही लावता येईल.