न हलणारा ठिपका

प्रश्न: मी शिकाऊ वैमानिक आहे, नुकतंच एकट्याने उड्डाण करू लागलोय. उजवीकडून येणाऱ्या विमानाला आधी जाऊ द्यायचं, हे पाठ आहे. पण दुसरं विमान डावीकडून येत असेल, म्हणजे अग्रक्रम माझा असेल, तर मी निर्धास्त सरळ जावं का?

उत्तर: सरळ जा, वेगही तोच ठेवा. निर्धास्त मात्र राहू नका. अग्रक्रम असलेल्याने दिशा आणि वेग कायम ठेवायचा, कारण दुसरा वैमानिक त्याच अंदाजाने वाट देणार असतो. पण त्याच नियमात हेही आहे की टक्कर टाळण्याची जबाबदारी अग्रक्रम असलेल्यावरूनही उतरत नाही. त्याने तुम्हाला पाहिलंच नसेल, तर तो वाट देणार कशी?

मी प्रशिक्षक होतो तेव्हाची गोष्ट. माझ्या विद्यार्थिनीला डावीकडे एक ठिपका दिसला. "सर, अग्रक्रम आपला आहे," ती म्हणाली. बरोबरच होतं. पण तो ठिपका काचेवर जिथे होता तिथेच होता, फक्त मोठा होत होता. काचेवरून सरकणारं विमान बहुधा पुढून किंवा मागून निघून जातं; एकाच जागी राहून वाढणारं विमान तुमच्याकडेच येत असतं. अंतर पुरेसं होतं, म्हणून आम्ही डावीकडे वळून त्याच्या शेपटीमागून गेलो. ते शेवटपर्यंत वळलं नाही. त्यानंतर मी प्रत्येक विद्यार्थ्याला नियमांच्या आधी हा ठिपका शिकवला.

आणि वेळ फार थोडा असतो. विमान दिसल्यापासून ते ओळखणं, ठरवणं, वळवणं आणि विमानाने प्रतिसाद देणं यात साधारण साडेबारा सेकंद जातात, असा अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा हिशेब आहे. ताशी 200 किलोमीटर वेगाची दोन विमानं समोरासमोर आली, तर तेवढ्यात त्यांच्यातलं जवळपास 1.4 किलोमीटर अंतर संपतं. अशा वेळी दोघांनीही उजवीकडे वळायचं. मागून ओलांडणाऱ्यानेही उजवीकडूनच जायचं. ग्लायडर आणि बलून दिसले, तर इंजिनवाल्याने वाट द्यायची. त्यांना तुमच्यासारखं हवं तसं बाजूला होता येत नाही.

रात्रीसाठी एक खूण सांगतो. विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा असतो, उजव्यावर हिरवा. उजवीकडून तुमचा मार्ग छेदायला येणाऱ्याचा लाल दिवा दिसतो, म्हणजे वाट तुम्ही द्यायची. डावीकडून येणाऱ्याचा हिरवा दिसतो.

अजून एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जागचा न हलणारा ठिपका काचेच्या खांबाआड गेला, तर तो तिथेच लपून राहतो. म्हणून नुसते डोळे फिरवू नका. मान पुढे-मागे करून खांबापलीकडे बघा. पुढच्या उड्डाणाआधी विमान जागेवर उभं असताना पाच मिनिटं आसनावर बसा आणि तुमच्या उंचीला कोणता खांब किती आकाश झाकतो, ते पाहून घ्या.