फोटो आला की प्रिंटर अडतो

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. मुलांच्या कृतिपत्रिका घरीच वर्डमध्ये तयार करते आणि घरच्या काळ्या-पांढऱ्या लेसर प्रिंटरवर छापते. नुसता मजकूर असला तर पानं भराभर येतात. या वेळी परिसरातल्या झाडांच्या पानांवर कृतिपत्रिका केली : वड, पिंपळ, आंबा, करंज, बेल, पळस. मोबाइलनं काढलेले सहा फोटो एका पानावर घेतले. ते एक पान बाहेर यायला चार-चार मिनिटं लागली. दिवा लुकलुकत राहतो आणि यंत्र ढिम्म. दुकानदार म्हणतात, प्रिंटर जुना झाला, नवा घ्या. घ्यावा का?
– एक शिक्षिका, जुन्नर तालुका

उत्तर : ताई, नवा प्रिंटर घेऊ नका. मजकुराचं पान भराभर येतंय, म्हणजे ड्रम (टोनरनं कागदावर चित्र उमटवणारा रूळ), फ्युजर (टोनर तापवून पक्का करणारा भाग), कागद ओढणारा रोलर सगळं धडधाकट आहे. तुमची चार मिनिटं छापण्यात जात नाहीत, छापण्याआधीच्या तयारीत जातात. ती तयारी हलकी करणं तुमच्या हातात आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

इंकजेट पट्ट्यापट्ट्यानं छापतो. पुढची माहिती आली नसेल तर तो थांबतो, आली की पुन्हा सरकतो. लेसरला ही सोय नाही. कागद आत गेला की ड्रम ठरल्या वेगानं फिरणार आणि पान एका दमात बाहेर पडणार. पंगत बसल्यावर भाजी चिरायला घेता येत नाही, तसंच हे. त्यामुळे पानावरच्या ठिपक्यांची सगळी तयारी, किंवा निदान मध्येच कमी पडणार नाही इतकी, झाल्याशिवाय प्रिंटर कागदाला हात लावत नाही. दिवा लुकलुकत असतो तो याच काळात.

हे ठिपके किती? ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरले तर, ए-फोर पानावर सुमारे ३ कोटी ४८ लाख. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढंच लिहून ठेवायचं म्हटलं तरी ४ एमबीच्या वर जागा लागते. घरगुती लेसर प्रिंटरांपैकी कित्येकांत स्वतःची मेमरी जेमतेम २ एमबी असते. तरी मजकूर चालून जातो, कारण मजकुराचं पान बहुतेक कोरंच असतं आणि कोरी जागा दाबून अगदी थोडक्यात मावते. फोटोचं तसं होत नाही. तुमच्या प्रिंटरकडे करडा रंग नाही, फक्त काळा आहे. करडा दाखवायला तो लहान-मोठ्या काळ्या ठिपक्यांची जाळी विणतो. या जाळीत काळं-पांढरं सारखं आलटून-पालटून येतं, म्हणून ती दाबली जात नाही. सहा फोटो असले की जवळपास सगळं पान जाळीनं भरतं.

त्यात भर पडते ती फोटोंच्या आकाराची. मोबाइलचा साधा फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा असतो. फाइल तीन-चार एमबीची दिसते, पण छापताना ती उलगडते तेव्हा ३६ एमबी होते. सहा फोटोंचे २१६ एमबी. तुम्ही तो फोटो पानावर तीन इंच रुंदीचा केलात, तरी वर्ड तो बहुधा मूळ आकारातच पोटात ठेवतो. म्हणजे प्रत्येक इंचात १,३३३ पिक्सेल. आता ६०० डीपीआयच्या लेसरवर फोटोची जाळी इंचाला साधारण ८५ ते १०६ ओळींची असते, आणि छपाईतला जुना ठोकताळा असा की जाळीच्या दीडपट ते दुप्पट पिक्सेल असले की पुरे. म्हणजे इंचाला २००. त्याहून जास्त दिलेलं सगळं संगणक आणि प्रिंटर चघळत बसतात आणि शेवटी टाकून देतात. कागदावर त्यातलं काहीही उमटत नाही.

म्हणून फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, आणि दुसऱ्या प्रतीत कुठल्याही फोटोवर क्लिक करून ‘पिक्चर फॉरमॅट’मध्ये ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ उघडा. ‘फक्त याच चित्रासाठी’ या चौकटीतली खूण काढा, म्हणजे सगळे फोटो एकदम धरले जातील. ‘कापलेला भाग काढून टाका’ या चौकटीत खूण असू द्या. वर्डमध्ये फोटो कापला तरी कापलेला तुकडा फाइलमध्येच दडून राहतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. खाली २२० पीपीआय (म्हणजे इंचाला २२० पिक्सेल) निवडा. तुमचे सहा फोटो उलगडल्यावर २१६ एमबीऐवजी ६ एमबीच्या आत येतील. प्रत बाजूला ठेवायला सांगितली ती एवढ्यासाठीच, की एकदा कमी केलेले पिक्सेल परत येत नाहीत.

मग प्रिंटरच्या सेटिंगमध्ये १२०० डीपीआय किंवा ‘बेस्ट’ निवडलेलं असेल तर ६०० करा. १२०० ला ठिपके दुप्पट होत नाहीत, चौपट होतात : जवळजवळ १४ कोटी. बारीक रेषांच्या नकाशाला त्याचा उपयोग आहे, कृतिपत्रिकेला नाही. कागदाचा प्रकारही पाहा. कधीतरी जाड कार्डशीट छापताना ‘हेवी’ ठेवलेलं तसंच राहून जातं आणि साध्या कागदालाही यंत्र मुद्दाम हळू चालतं, कारण जाड कागदावर टोनर पक्का बसायला जास्त वेळ उष्णता लागते. ‘इकॉनॉमी’ किंवा ‘टोनर सेव्ह’ मात्र वेग वाढवण्यासाठी लावू नका. त्यानं टोनर वाचतो, वेळ वाचत नाही, आणि पानांच्या शिरा फिक्या पडतात.

तुम्ही एका पानाच्या पंचवीस-तीस प्रती काढत असणार. तिथे ‘कोलेट’ बंद करा. कोलेट चालू असलं की पहिलं पान, दुसरं पान, तिसरं पान, पुन्हा पहिलं, असा फेरा होतो आणि प्रत्येक फेरीला चित्र नव्यानं उलगडावं लागण्याची शक्यता असते. बंद केलं की पहिल्या पानाच्या सगळ्या प्रती सलग निघतात. बऱ्याच यंत्रांत एकदा तयार झालेलं पान मेमरीत राहतं आणि बाकीच्या प्रती मजकुराच्याच वेगानं येतात. गठ्ठे हातानं लावायला लागतील, पण ते काम तुमच्या वर्गातली मुलं आनंदानं करतील.

आणखी एक गोष्ट, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. झाडाचं पान पांढऱ्या कागदावर ठेवून त्याचा फोटो काढा, आणि फोटोचा उजेड इतका वाढवा की मागचा कागद खरोखर पांढरा होईल. डोळ्यांना पांढरी दिसणारी पार्श्वभूमी पुष्कळदा फिकी करडी असते, आणि प्रिंटर त्या करड्यावरही इमानेइतबारे जाळी विणतो. ती जागा कोरी झाली की छपाईचं पान लवकर तयार होतं, टोनर कमी लागतो, आणि पिंपळाचं टोक, बेलाची तीन दळं मुलांना ठसठशीत दिसतात. एक प्रत छापून बाकीच्या झेरॉक्स काढाव्यात असं कुणी सुचवेल. मजकुरासाठी चालेल, फोटोंसाठी नको. जाळीवर जाळी चढते आणि शिरांच्या जागी काळे डाग उरतात. गावातल्याच झाडांचे फोटो काढून तुम्ही मुलांपुढे ठेवताय. ते त्यांना नीट दिसले पाहिजेत.

प्रश्न : घरी ‘कोरल ड्रॉ’ या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका आणि मुंजीच्या पत्रिका करते. गिऱ्हाईकाला दाखवायला नमुना घरच्या लेसरवर काढते. गणपतीमागे फिकी नक्षी आणि नावांना सावली दिली की छपाई रखडते, कधी अर्धंच पान येतं. फोटो तर एकही नसतो!
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : फोटो नसला तरी पारदर्शकपणा आहे. सावली, फिकी होत जाणारी छटा, एकावर एक आरपार दिसणारी नक्षी, या सगळ्यांचा मिळून नेमका कुठे किती काळा ठिपका पडायचा हा हिशेब प्रत्येक थराचा करावा लागतो. नक्षीत हजारो बारीक वळणं असली की तो फारच वाढतो. अर्धं पान येतं तेव्हा बहुतेक वेळा हिशेब कागदाच्या वेगाला पुरा पडलेला नसतो किंवा मेमरी संपलेली असते.

नमुन्याच्या फाइलमध्ये मागची नक्षी आणि सावल्या तेवढ्या निवडा आणि ‘कन्व्हर्ट टू बिटमॅप’ करा, म्हणजे थर जाऊन ठिपक्यांचं एकच सपाट चित्र होईल : ग्रेस्केल, २०० किंवा फार तर ३०० डीपीआय. नावं, मुहूर्त, पत्ता यांना हात लावू नका. अक्षरांचं बिटमॅप केलं तर ३०० डीपीआयला वेलांट्या आणि रफार करवतीसारखे दिसायला लागतात. प्रेसला जाणारी मूळ फाइल वेगळी ठेवा.

गिऱ्हाईकानं पीडीएफच पाठवली असेल, तर ॲक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’ आहे. थरांचा सगळा हिशेब संगणक करतो आणि प्रिंटरकडे सपाट चित्र जातं. अडलेली पीडीएफ यानं बहुधा सुटते. पण साध्या मजकुराच्या पीडीएफला हे कायमचं लावून ठेवू नका, तिथे उलट वेळ वाढतो.

प्रश्न : प्रिंटरची रॅम वाढवली तर चित्रं लवकर छापतील का?
– एक निवृत्त वाचक, सातारा

उत्तर : प्रिंटर कोणत्या जातीचा आहे त्यावर आहे. १९८४ साली आलेल्या एचपीच्या पहिल्या लेसरजेटमध्ये १२८ केबी मेमरी होती. ३०० डीपीआयच्या पूर्ण पानाच्या चित्राला १ एमबीच्या आसपास लागते, त्यामुळे तसं चित्र त्यावर निघतच नसे. पुढच्याच वर्षी ॲपलनं लेसररायटर आणला. त्यात १.५ एमबी मेमरी होती, आणि त्याचा प्रोसेसर ज्या मॅकिन्टॉशला तो जोडायचा त्याच्या प्रोसेसरपेक्षाही वेगवान होता. पान मांडायचं सगळं काम प्रिंटर स्वतः करायचा, म्हणून तो महाग होता.

नंतर घरगुती प्रिंटर स्वस्त करायला हे काम संगणकावर टाकलं गेलं. अशा प्रिंटरमध्ये मेमरी वाढवायची जागाच नसते. तिथे संगणकाची रॅम, सी ड्राइव्हवरची मोकळी जागा आणि कंपनीचा त्याच मॉडेलसाठीचा ड्रायव्हर (संगणकातून प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) यांनी फरक पडतो. तुमचा प्रिंटर पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या पान मांडायच्या भाषा समजणारा असेल आणि मागे किंवा बाजूला मेमरीचा खण असेल, तर वाढवण्यात अर्थ आहे. विकत घेण्याआधी प्रिंटरचं स्वतःचं माहितीपत्रक छापून पाहा. मेमरी किती आणि भाषा कोणती, हे बहुतेक यंत्रांत त्यावरच लिहिलेलं असतं. दोन्ही भाषा असतील तर दोन्ही ड्रायव्हर टाकून एकच चित्र छापून बघा, कारण कुठलं चित्र कुठल्या भाषेत लवकर निघेल ते चित्रावर ठरतं.

प्रश्न : वेळ संगणकात जातोय, वाय-फायमध्ये की प्रिंटरमध्ये, हे कसं ओळखायचं?
– एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : प्रिंट दिल्यावर विंडोजमधली छपाईची रांग उघडून ठेवा. ‘स्पूलिंग’ दिसत राहिलं आणि आकडा वाढत गेला, तर संगणक अजून पान तयार करतोय : फाइल हलकी करा. ‘प्रिंटिंग’ लिहून आलं, आकडा मोठा आहे आणि प्रिंटर गप्प आहे, तर तीच फाइल यूएसबी केबल लावून छापा. केबलवर लवकर आली तर दोष वाय-फायचा, आणि राउटरपासून लांब भिंतीआड ठेवलेल्या प्रिंटरला केबलच बरी. केबलवरही तितकाच वेळ लागला तर अडकतंय ते प्रिंटरमध्येच. तिथे आधी ६०० डीपीआय, मग ‘प्रिंट ॲज इमेज’, या क्रमानं जा.