जगातला सर्वांत महान आणि सर्वांत प्रसिद्ध खेळाडू कोण?

तुम्ही लिहिलंय की मित्रांमध्ये यावरून जोरदार वाद चाललाय. एक मेस्सीसाठी भांडतोय, दुसरा मायकेल जॉर्डनसाठी, आणि तिसऱ्याचं म्हणणं असं की ब्रॅडमनच्या 99.94 या कसोटी सरासरीपुढे बाकी सगळं फिकं. तुम्हाला एकच नाव हवंय. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, त्यामुळे मी दोन नावं देतो. सर्वांत प्रसिद्ध, सगळा काळ धरून, मुहम्मद अली. सर्वांत महान, उसेन बोल्ट. तुमच्या तिन्ही मित्रांचा पत्ता यात कटला, याची मला कल्पना आहे. का ते सांगतो.

आधी प्रसिद्धी. फक्त आजचा विचार केला तर क्रिस्तियानो रोनाल्डो, आणि इथे वादाला फारशी जागा नाही. सप्टेंबर 2024 मध्ये सगळी समाजमाध्यमं मिळून त्याचे फॉलोअर 100 कोटींच्या पुढे गेले. हा आकडा गाठणारा तो पहिला माणूस, नुसता पहिला खेळाडू नव्हे. मेस्सीने डिसेंबर 2022 मध्ये विश्वचषक हातात घेतलेले फोटो टाकले, त्या पोस्टला इन्स्टाग्रामच्या इतिहासात सर्वाधिक लाइक मिळाले. पृथ्वीच्या पाठीवर जवळजवळ प्रत्येक देशात खेळला जाणारा खेळ फुटबॉलच आहे. आजच्या प्रसिद्धीचा पहिला नंबर फुटबॉलबाहेर जाणं मला तरी शक्य वाटत नाही. जॉर्डनने 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकनंतर बास्केटबॉल जगभर नेला, त्याच्या नावाचे बूट आजही विकले जातात, पण त्याचा खेळ फुटबॉलइतका पसरला नाही.

तरीही मी अलीचं नाव घेतो, कारण माझ्या मते खऱ्या प्रसिद्धीची कसोटी वेगळी आहे. ज्या माणसाने तो खेळ आयुष्यात कधी पाहिला नाही, त्यालाही त्या खेळाडूबद्दल काहीतरी माहीत असतं का? नुसतं नाव माहीत असून उपयोग नाही, गोष्ट माहीत असली पाहिजे. अलीची गोष्ट बॉक्सिंगचा तिटकारा असलेल्या माणसालाही ठाऊक असते.

1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये कॅशियस क्ले या 18 वर्षांच्या पोराने सुवर्णपदक घेतलं. फेब्रुवारी 1964 मध्ये त्याने सॉनी लिस्टनला हरवून हेवीवेट विजेतेपद मिळवलं. मग धर्म बदलल्याचं जाहीर केलं आणि नावही बदलून मुहम्मद अली केलं. 1967 मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्याने नकार दिला. किताब गेला, परवाना गेला, 5 वर्षांची कैद आणि 10,000 डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपिलामुळे तुरुंगात जावं लागलं नाही, पण पंचविशीपासून पुढची साडेतीन वर्षं, म्हणजे बॉक्सरच्या आयुष्यातली सगळ्यांत कसदार वर्षं, तो रिंगबाहेर बसला. 1971 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती शिक्षा रद्द केली. गेलेली वर्षं मात्र कोण परत देणार?

आणि त्यानंतर 30 ऑक्टोबर 1974 ची ती पहाट. झैरची, म्हणजे आजच्या काँगो प्रजासत्ताकाची (डीआर काँगो), राजधानी किन्शासा. समोर 25 वर्षांचा जॉर्ज फोरमन, ज्याने जो फ्रेझियर आणि केन नॉर्टन या दोघांनाही दुसऱ्याच फेरीत संपवलं होतं, आणि या दोघांनीही आधी अलीला हरवलेलं होतं. अली 32 चा. तो दोरांना टेकून उभा राहिला, फोरमनला मारू दिलं, दमू दिलं, आणि आठव्या फेरीत त्याला आडवा केला. लोक अलीचं नाव घेऊन ओरडत होते, आणि फोरमनही त्यांच्यासारखाच कृष्णवर्णीय होता हे लक्षात घ्या. गर्दीने आपला माणूस आधीच निवडला होता.

दुसरी गोष्ट क्वचितच कुणी बोलतं. अली लोकांकडे स्वतः गेला. 1973 मध्ये जकार्तात लढला, 1975 मध्ये क्वालालंपूरला आणि त्याच वर्षी मनिलाला. त्या काळात इतका मोठा अमेरिकन खेळाडू या शहरांत येऊन खरोखर स्पर्धा खेळतो, ही साधी गोष्ट नव्हती. पुढे पार्किन्सन्सने शरीर गाठलेलं असताना, 1990 मध्ये तो बगदादला गेला आणि तिथे ओलीस ठेवलेल्या 15 अमेरिकनांना घेऊन परतला. 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकची ज्योत त्याने थरथरत्या हाताने पेटवली तेव्हा ते दृश्य बघणाऱ्यांपैकी कित्येकांनी त्याची एकही लढत पाहिलेली नसेल. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. पेले या बाबतीत त्याच्या सर्वांत जवळ येतो. 1958, 1962 आणि 1970 असे तीन विश्वचषक, त्यातला पहिला 17 व्या वर्षी आणि अंतिम सामन्यात दोन गोल. पण पेलेची कीर्ती त्याच्या खेळातून उगवली आणि बहुतांशी तिथेच राहिली.

आता महानतेकडे. इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

नेहमीची मोजपट्टी अशी: आपल्याच काळातल्या, आपल्याच खेळातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाच्या तुम्ही किती पुढे होतात? ही मोजपट्टी लावली तर तुमचा ब्रॅडमनवाला मित्र जिंकतो. 52 कसोटी, 29 शतकं, आणि 1948 मध्ये ओव्हलवर शेवटच्या डावात एरिक हॉलीजने दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडवला नसता तर सरासरी 100 झाली असती, फक्त 4 धावा हव्या होत्या. पुरेसं खेळलेल्या बाकीच्या थोर फलंदाजांची सरासरी साठीच्या आसपास थांबते. आइस हॉकीत वेन ग्रेट्झ्की असाच. त्याचे गोल सगळे काढून टाकले आणि फक्त सहकाऱ्यांना करून दिलेले गोल मोजले, तरी ते 1,963 भरतात. दुसऱ्या कुणाचेही दोन्ही मिळून तेवढे गुण नाहीत. कुस्तीत रशियाचा अलेक्झांडर कारेलिन, जो 2000 च्या सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत हरेपर्यंत 13 वर्षं आंतरराष्ट्रीय सामना हरला नव्हता.

पण ही मोजपट्टी एक गोष्ट विचारत नाही. ज्यांना मागे टाकलं ते किती होते? आणि ज्यांना मैदानात येऊच दिलं नाही त्यांचं काय?

बेब रूथ घ्या. बेसबॉलमध्ये 714 होमरन, अमेरिकेत त्याचं नाव देवासारखं घेतात. तो ज्या लीगमध्ये खेळला तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेशच नव्हता. जॅकी रॉबिन्सनने ती भिंत 1947 मध्ये ओलांडली, तोवर रूथची कारकीर्द संपून बारा वर्षं झाली होती. बॉक्सिंगमध्ये जॅक जॉन्सनने 1915 मध्ये किताब गमावला, त्यानंतर 1937 मध्ये जो लुई येईपर्यंत एकाही कृष्णवर्णीय बॉक्सरला हेवीवेट किताबासाठी लढू दिलं नाही. त्या बावीस वर्षांतल्या विजेत्यांना आपण ‘जगज्जेते’ म्हणतो. कुठल्या जगाचे?

ब्रॅडमनचा यात काहीच दोष नाही, आणि त्याची फलंदाजी मला आजही अविश्वसनीय वाटते. पण त्याच्या 52 पैकी 37 कसोटी एकट्या इंग्लंडविरुद्ध होत्या. उरलेल्या 15 वेस्ट इंडिज, दक्षिण आफ्रिका आणि भारताविरुद्ध, आणि त्यातला दक्षिण आफ्रिकेचा संघ फक्त गोऱ्यांचा. ग्रेट्झ्कीच्या खेळाला बर्फाचं मैदान लागतं, म्हणजे जगातल्या बहुतेक मुलांचा संबंधच संपला. जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या 23 ऑलिंपिक सुवर्णपदकांबद्दलही मला हेच वाटतं. 1988 मध्ये सोल ऑलिंपिकला सुरीनामच्या अँथनी नेस्टीने 100 मीटर बटरफ्लायमध्ये अमेरिकेच्या मॅट बियाँडीला एक शतांश सेकंदाने हरवलं, तेव्हा त्याच्या देशात 50 मीटरचा एकच तलाव होता. सुरीनाममध्ये नेस्टी निघाला तो निघाला. तलावच नसलेल्या ठिकाणी किती नेस्टी जन्मले आणि पोहायलाही न शिकता म्हातारे झाले, याचा हिशोब कुठल्याच पदकतालिकेत नसतो.

म्हणून माझा कौल धावण्याकडे जातो. धावायला तलाव लागत नाही, बर्फ लागत नाही, बॅट लागत नाही. जगातल्या बहुतेक सगळ्या मुलांनी कधी ना कधी शर्यत लावलेली असते, आणि कोण पुढे आहे हे सगळ्यांना दिसतं. एखादं मूल वेगळंच पळतंय हे शाळेतल्या शिक्षकांच्या लगेच लक्षात येतं. चाळणी एवढी मोठी दुसऱ्या कुठल्याही खेळात नाही. त्या चाळणीतून वर आलेल्या सगळ्यांना ज्याने मागे टाकलं, तो बोल्ट.

आणि कसं मागे टाकलं ते बघा. 1.95 मीटर उंची, 100 मीटरच्या सुरुवातीसाठी अडचणीची मानली जाणारी. पाठीच्या कण्याला बाक. प्रशिक्षक त्याला 400 मीटरकडे वळवू पाहत होते. 2007 मध्ये तो 100 मीटर गांभीर्याने धावू लागला आणि वर्षही उलटायच्या आत, मे 2008 मध्ये, 9.72 चा विश्वविक्रम केला. त्याच ऑगस्टमध्ये बीजिंगला 9.69, तेही शेवटच्या काही पावलांत हात पसरून, वेग सोडून. बरोबर एका वर्षाने, 16 ऑगस्ट 2009 ला बर्लिनमध्ये 9.58. त्या शर्यतीत दुसऱ्या आलेल्या टायसन गेची वेळ 9.71 होती. बोल्ट सोडून तोवर जगात कुणीही इतकं वेगात धावलेलं नव्हतं, आणि तरी गे स्पष्ट मागे दिसतो. जिथे निकाल शतांश सेकंदांवर लागतात तिथे 13 शतांशांचं अंतर! चार दिवसांनी 200 मीटर 19.19. दोन्ही विक्रम अजून उभे आहेत.

मला त्याहून मोठी वाटते ती त्याची टिकून राहण्याची ताकद. 2011 मध्ये देगूच्या जागतिक स्पर्धेत अंतिम शर्यतीत चुकीची सुरुवात करून तो बाद झाला. 2012 मध्ये जमैकाच्या निवड चाचणीत योहान ब्लेकने त्याला 100 आणि 200 दोन्हींत हरवलं, आणि काही आठवड्यांनी लंडनला बोल्टने दोन्ही सुवर्णपदकं नेली. 2015 ला जस्टिन गॅटलिन सलग शर्यती जिंकत बीजिंगच्या जागतिक स्पर्धेला आला होता, सगळा अंदाज त्याच्या बाजूने होता. बोल्ट 9.79, गॅटलिन 9.80. 2008, 2012, 2016 अशा तीन ऑलिंपिकमध्ये 100 आणि 200 दोन्ही जिंकणारा दुसरा कुणी नाही. 2008 च्या रिलेचं सुवर्ण नंतर सहकाऱ्याच्या डोपिंगमुळे गेलं, म्हणून एकूण 9 ऐवजी 8. गे, ब्लेक, गॅटलिन, असाफा पॉवेल या त्याच्या सगळ्या मोठ्या प्रतिस्पर्ध्यांनी कधी ना कधी डोपिंगच्या नियमांखाली बंदी भोगली. बोल्टची चाचणी कधीच दोषी आली नाही.

तुमच्या तिन्ही मित्रांच्या यादीत एकही बाई नाही, हे मला खटकलं. आणि याचं कारणही तेच, दाराशी कुणाला थांबवलं हे. 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा फुटबॉल सामना बघायला 53,000 लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना खेळायला बंदी घातली, आणि ती सुमारे 50 वर्षं टिकली. ऑलिंपिकमध्ये महिलांची 800 मीटर शर्यत 1928 ला एकदा झाली, मग थेट 1960 ला. पुरुषांची मॅरेथॉन 1896 पासून, महिलांची 1984 पासून. एवढ्या उशिरा सुरुवात करूनही सेरेना विल्यम्सने 23 ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदं घेतली, त्यातलं शेवटचं 2017 चं पोटात बाळ असताना, आणि बाळंतपणानंतर आणखी चार अंतिम फेऱ्या गाठल्या. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने टोकियो ऑलिंपिकमध्ये स्वतःला सावरण्यासाठी माघार घेतली, लोकांचं बोलणं ऐकून घेतलं, आणि पॅरिसला परत येऊन तीन सुवर्णपदकं जिंकली. माझ्या यादीत बोल्टनंतरच्या पहिल्या पाचांत या दोघी आहेत.

राहिला तुमचा मेस्सीवाला मित्र. माझ्या युक्तिवादाला खरा धोका त्याच्याकडूनच आहे. फुटबॉलची चाळणी धावण्याइतकीच मोठी आहे, आणि धावपटूपेक्षा फुटबॉलपटूला शंभर गोष्टी जास्त याव्या लागतात. मी तरी बोल्टला वर ठेवतो, कारण त्याच्या आठ मार्गिकांत पास देणारं कुणी नसतं आणि घड्याळाशी वाद घालता येत नाही. पण तुमचा मित्र जर म्हणाला की दहा सेकंद सरळ धावण्यापेक्षा नव्वद मिनिटं दहा जणांना चकवणं कठीण आहे, तर ते मी खोडून काढू शकणार नाही. दुसरा क्रमांक मी मेस्सीलाच देतो.