कॉम्पोझिट विमान जोडताना : वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न सुमारे दोन मीटर पंखविस्ताराच्या, साच्यातून निघालेल्या पोकळ कॉम्पोझिट (ग्लास किंवा कार्बनचं कापड आणि रेझिन यांच्या) एरोबॅटिक मॉडेल विमानांबद्दल आहेत; ती जमिनीवरून रेडिओने उडवतात. अशा विमानाचा आकार साच्यानेच ठरवलेला असतो. आपल्या हाती उरतात ते चिकटवलेले सांधे, हॉर्न (हलत्या पट्टीला रॉड जोडायचा उभा तुकडा), पंखांची बैठक आणि वजन. आलेले प्रश्नही नेमके तिथलेच आहेत.

प्रश्न : दुसऱ्याच लँडिंगला माझ्या विमानाचं लँडिंग गिअर ते ज्यावर बसतं त्या प्लायसकट (प्लायवूडच्या पाटीसकट) उखडलं. इपॉक्सी प्लायला घट्ट चिकटून आहे, धडाची आतली बाजू मात्र स्वच्छ आणि चकचकीत. इपॉक्सी खराब निघाली का?

उत्तर : इपॉक्सी खराब असती, तर ती मधूनच फाटली असती आणि थोडी प्लायवर, थोडी धडावर राहिली असती. धडाची बाजू चकचकीत निघाली, याचा अर्थ इपॉक्सीने तिथे पकड घेतलीच नव्हती. साच्यातून आलेल्या स्किनच्या (धडाच्या पातळ कवचाच्या) आतल्या बाजूला रेझिनचा गुळगुळीत थर असतो. त्यावर बरेचदा हार्डनरमधून वर आलेला मेणचट पापुद्राही असतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून आधी कोमट पाणी आणि भांडी घासायच्या हिरव्या स्पंजने ती जागा धुवायची, पुसून कोरडी करायची आणि मगच पॉलिश पेपर लावायचा. आधी घासलं तर तोच पापुद्रा ओरखड्यांत भरला जातो.

पेपर ८० नंबरचा घ्या. प्लायच्या कडेपासून चारही बाजूंना २५ मिमी पुढेपर्यंत घासा. चमक गेली की थांबा. आतलं कापड एकच पातळ थर असतं आणि त्याखाली फोम असतो. धागे पांढरे दिसू लागले म्हणजे तुम्ही ताकद घासून टाकायला लागलात. धूळ झटकून आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा, दर वेळी कापड नवं घ्या.

आता दुसरं कारण, आणि ते जास्त महत्त्वाचं. इपॉक्सी सरकवणाऱ्या जोरापुढे खंबीर असते, पण सोलणाऱ्या जोरापुढे दुबळी. चाक जमिनीला लागलं की गिअरचा पाय मागे रेटला जातो आणि प्लायची एक कड वरून पाकीट उघडावं तशी सोलली जाते. नुसता सपाट चिकटवलेला प्लाय हा जोर कितीही चांगल्या इपॉक्सीने झेलणार नाही. म्हणून प्लाय पुढच्या आणि मागच्या फॉर्मरला (धडातल्या आडव्या चौकटीला) भिडला पाहिजे. प्लाय आणि स्किन यांच्या कोपऱ्यात ६ ते ८ मिमीची गोलाई भरायची आणि त्यावर २५ ते ३० मिमी रुंदीची, तिरप्या विणीची ग्लास पट्टी अर्धी प्लायवर, अर्धी स्किनवर बसवायची. मग तोच जोर स्किनच्या मोठ्या पट्ट्यावर पसरतो.

मिश्रणासाठी २४ तासांची इपॉक्सी वापरा. पाच मिनिटांची इपॉक्सी ठिसूळ होते आणि थोड्या उन्हातही नरम पडते. ती फक्त भाग जागेवर धरून ठेवण्यापुरती. रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर, डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मोजा. हार्डनर जास्त घातल्याने सेटिंग लवकर होत नाही, सांधा कायमचा नरम राहतो. नुसत्या मिश्रणाचा पातळ हात आधी प्लायच्या कडांवर फिरवा, कारण कापलेली कड रेझिन पिऊन टाकते आणि सांधा कोरडा पडतो. उरलेल्यात कॉटन फ्लॉक (कापसाचे बारीक तंतू) आणि थोडी कोलॉइडल सिलिका (घट्ट करणारी पूड) घालून लोण्याइतकं घट्ट करा. इथे मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची हलकी पूड) घालू नका. ते घासून सारखं करायच्या भरावासाठी असतात, भार घेणाऱ्या सांध्यासाठी नसतात. एका गिअर प्लेटला एकूण १५ ग्रॅम मिश्रण पुरतं. त्याहून जास्त लागत असेल तर प्लाय नीट बसलेला नाही. तो घासून बसवा, फटी इपॉक्सीने भरू नका.

आणखी एक गोष्ट करा. गिअर नायलॉनच्या बोल्टने बसवा. वेडंवाकडं लँडिंग झालं तर बोल्ट तुटतो आणि धड वाचतं.

प्रश्न : किट नुकताच आला आहे. चिकटवायला सुरुवात करण्याआधी काय तपासावं?

उत्तर : प्रत्येक भाग वजन करून लिहून ठेवा, विशेषतः दोन पंख आणि दोन स्टॅबिलायझर (शेपटीचे आडवे पंख). पंखांत १५–२० ग्रॅमचा फरक असेल तर जड सर्व्हो (हलत्या पट्ट्या फिरवणारी छोटी मोटर) हलक्या पंखात घालून तो थोडा भरून काढता येतो. ही संधी नंतर मिळत नाही.

मग सांधे. धडाचे दोन अर्ध जिथे जुळतात त्या रेषेवर, तसंच पंखांच्या पुढच्या आणि मागच्या कडेवर अंगठ्याने हळूच दाबत जा. बारीक कट् असा आवाज आला तर तिथे सांधा सुटलेला आहे. एखाद्या नाण्याने हलकेच ठोकत गेलं तरी कळतं. घट्ट जागेचा आवाज टणक येतो, सुटलेल्या जागेचा बसका. सुटलेल्या भेगेत पातळ इपॉक्सी सुईने सोडा, टेपने आवळा आणि रात्रभर ठेवा. इथे सायनोअॅक्रिलेट टाळा. ते झटकन धरतं, पण ठिसूळ असतं आणि कंपनाने पुन्हा उलतं.

शेवटी पंख जोडणारी कार्बन नळी दोन्ही पंखांत घालून पाहा. घट्ट वाटली तर नळीच ६०० नंबरच्या पेपरने पाणी लावून घासा, पंखातल्या स्लीव्हला हात लावू नका. ढिली वाटली तर पातळ टेपचे दोन वेढे पुरतात.

प्रश्न : दोन्ही एलिव्हेटरची (शेपटीच्या वरखाली हलणाऱ्या पट्ट्यांची) हालचाल जुळत नाही. रेडिओवर दोन्ही टोकांना जुळवली तरी मध्ये फरक राहतो. शिवाय वेगाने खाली येताना शेपटीतून भुर्रर्र आवाज येतो. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का?

उत्तर : आहे, आणि तो आवाज आधी घ्या. तो फ्लटर आहे, म्हणजे वेगात एलिव्हेटरची आपोआप होणारी जोरदार थरथर. पुन्हा ऐकू आला तर लगेच थ्रॉटल बंद करून हलक्या हाताने नाक वर घ्या. दुरुस्ती होईपर्यंत पुढचं उड्डाण करू नका. फ्लटर काही सेकंदांत एलिव्हेटर उपटून टाकतो.

दोन्हींचं मूळ बहुधा हॉर्नमध्ये आहे. हॉर्नचं भोक हिंजच्या (बिजागरीच्या) रेषेच्या बरोब्बर वर आलं पाहिजे. समजा भोक हिंजपासून ३० मिमी उंच आहे, पण ३ मिमी मागे गेलं आहे. पुशरॉड (सर्व्होपासून हॉर्नपर्यंतचा रॉड) दोन्हीकडे १७ मिमी हलला तर एलिव्हेटर एका बाजूला सुमारे ३३ अंश आणि दुसऱ्या बाजूला ३६ अंश वळेल. डाव्या आणि उजव्या हॉर्नची ही चूक वेगवेगळी असली की रेडिओत टोकं जुळतात, मधला भाग जुळत नाही. रेडिओने हे झाकता येतं, बरं करता येत नाही. भोक हलवा.

हॉर्न २ मिमी जाडीच्या ग्लास-इपॉक्सी शीटच्या जोडपट्ट्यांचा असावा, मधे बॉल लिंक आणि ३ मिमीचा आरपार बोल्ट. हॉर्न एलिव्हेटरच्या वरच्या स्किनपासून खालच्या स्किनपर्यंत पोचला पाहिजे. नुसता वरच्या स्किनमध्ये रोवला, तर भार एका पातळ कापडावर येतो आणि स्किन श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. बऱ्याच किटमध्ये त्या जागी आत कडक ठोकळा बसवलेला असतो. खाच पाडण्याआधी मागून बॅटरीचा उजेड टाकला की त्याची सावली दिसते. खाचेभोवतीचा रंग खरवडून ग्लास उघडी करा. रंगावर चिकटवलेला हॉर्न रंगाच्या थरासकट निघतो.

आता प्ले, म्हणजे जोडणीतली ढिलाई. हिंजपासून ३० मिमीवरच्या हॉर्नला अर्धा मिमी प्ले असेल, तर ९० मिमी रुंद एलिव्हेटरच्या मागच्या कडेला तो दीड मिमी होतो. हॉर्न २० मिमीचा असेल तर सव्वादोन मिमी. फ्लटर याच ढिलाईतून सुरू होतो. सर्व्हो चालू ठेवून मागची कड चिमटीत धरून हलवा. हलण्याचा उगम लिंकमध्ये आहे, सर्व्होच्या गिअरमध्ये की हॉर्नच्या मुळाशी, हे बोट ठेवून शोधा. हिंजची फटही खालच्या बाजूने पातळ पारदर्शक टेपने बंद करा.

सर्व्होचा आर्म गरजेपेक्षा लांब घेण्याची सवयही सोडा. ३० मिमीच्या हॉर्नवर ३५ अंश हवे असतील तर रॉड सुमारे १७ मिमी हलायला हवा. २० मिमीचा आर्म ६० अंश फिरला की तेवढी हालचाल मिळते. ३० मिमीचा आर्म लावून प्रवास ३५ अंशांवर आणला, तरी हालचाल तीच. पण १० किलो-सेंमीचा सर्व्हो पहिल्या मांडणीत एलिव्हेटरवर मध्यस्थितीत १५ किलो-सेंमी देतो, दुसऱ्या मांडणीत १०. गिअरमधला प्लेही दुसरीत दीडपट दिसतो.

प्रश्न : एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) ट्रिम करून, म्हणजे रेडिओवरून त्यांची मध्यस्थिती किंचित हलवून, विमान सरळ जातं, पण उलटं उडवलं की एका बाजूला कलतं. पंखांचा इन्सिडन्स (धडाशी असलेला पंखाचा कोन) बदलू का?

उत्तर : थांबा, भोकं मोठी करू नका. तुमचं विमान बहुधा एका पंखाकडे जड आहे. डावा पंख जड असेल तर सुलटं उडताना तो खाली जातो आणि तुम्ही उजवं ट्रिम देता. उलटं केल्यावर गुरुत्वाकर्षण तोच पंख जमिनीकडे ओढतं, पण विमानाच्या दृष्टीने ती ओढ आता उलट दिशेची झाली. म्हणजे ट्रिम तिला रोखत नाही, तिच्यात भर घालतं. इन्सिडन्सची चूक मात्र सुलट्या आणि उलट्या दोन्ही स्थितींत विमानाच्या एकाच बाजूला फिरवते, म्हणून एकदा ट्रिम केलं की ती दोन्हीकडे दबते. ताठ वर चढताना विमान ट्रिमच्या दिशेने हळूहळू फिरत असेल, किंवा घट्ट लूप ओढताना एक पंख पडत असेल, तर जड पंखाची खात्री धरा. हलक्या पंखाच्या टोकाला ५ ग्रॅम लावा, ट्रिम परत शून्यावर आणा आणि पुन्हा उडवून पाहा.

इन्सिडन्स खरोखरच चुकीचा असेल, तर तो पंखाच्या मुळाशी असलेल्या मागच्या पिनेवर दुरुस्त होतो. पिन नळीपासून २५० मिमीवर असेल तर १ मिमी म्हणजे जवळजवळ पाव अंश. धडातलं भोक उभं थोडं लांबवा, इन्सिडन्स मीटरवर दोन्ही पंख सारखे करा, मग पिनेला मेण लावून तिच्यावर बसणारा १ मिमी ग्लास शीटचा वॉशर धडाच्या आतून चिकटवा. सुरुवातीला स्टॅबिलायझर शून्यावर, पंख शून्य ते अधिक अर्धा अंश आणि मोटरचा उजवा कल दोन ते अडीच अंश ठेवा. पुढचं उड्डाण ठरवेल.

प्रश्न : शेपटीत सगळं मिळून १२ ग्रॅम जास्त झाले. एवढ्याने काय फरक पडतो?

उत्तर : शेपूट गुरुत्वमध्यापासून १००० मिमी मागे आणि बॅटरी २५० मिमी पुढे असेल, तर ते १२ ग्रॅम तोलायला नाकाकडे ४८ ग्रॅम लागतात. म्हणून आधी बॅटरी सरकवा, शिसं घालू नका. १२०० ग्रॅमची बॅटरी २० मिमी पुढे गेली की ४८०० ग्रॅमच्या विमानाचा गुरुत्वमध्य ५ मिमी पुढे येतो. यासाठी बॅटरीचा ट्रे पहिल्यापासूनच लांब ठेवावा. तो मागाहून वाढवणं जिकिरीचं असतं. गुरुत्वमध्य सुरुवातीला पंखाच्या नळीच्या मध्यावर ठेवून उडवा. मग ४५ अंशांत चढताना विमान उलटं करा आणि एलिव्हेटर सोडून द्या. नाक लगेच जमिनीकडे वळलं तर विमान नाकाकडे जड आहे, आकाशाकडे वळलं तर शेपटीकडे. बराच वेळ रेषेवर राहून हळूच खाली वाकलं, तर बॅटरीच्या जागी खूण करून ठेवा.

प्रश्न : धड पूर्ण कार्बनचं आहे. रिसीव्हर आत बसवला तर चालेल का?

उत्तर : रिसीव्हर आत चालेल, अँटेना नाही. कार्बन वीजवाहक आहे, तो २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडवतो. अँटेनाचं शेवटचं सुमारे ३१ मिमीचं उघडं टोक हेच काम करतं. ते धडाबाहेर किंवा ग्लासच्या कॅनॉपीखाली, कार्बनपासून दूर हवं. दोन अँटेना असतील तर एकमेकींशी काटकोनात ठेवा. कार्बनच्या कडा वायरचं आवरण कापतात, म्हणून वायर जाते त्या प्रत्येक भोकात रबरी ग्रॉमेट बसवा. मग विमान वेगवेगळ्या बाजूंना फिरवून, मोटर चालू ठेवून रेंज तपासा.

प्रश्न : बंद गाडीत ठेवल्यावर पंखावर लाटा उमटल्या. त्या जातील का?

उत्तर : सहसा पूर्ण जात नाहीत. सामान्य तापमानाला सेट झालेली इपॉक्सी ५० ते ६० अंश सेल्सियसच्या आसपास नरम पडू लागते. उन्हातली बंद गाडी आणि तिच्यात गडद रंगाचा पंख, एवढं तापमान सहज गाठतात. पंखांना पांढऱ्या किंवा चंदेरी कापडी पिशव्या करा आणि विमान मैदानावरही सावलीत ठेवा. रंग निवडायचा असेल तर वरची बाजू फिकट ठेवा, गडद रंग खालच्या बाजूला चालतो.

प्रश्न : इपॉक्सीचं काम केलं की मनगटांना खाज सुटते. हात अॅसिटोनने धुतो, तरी थांबत नाही.

उत्तर : अॅसिटोन लगेच बंद करा. तो रेझिन पातळ करून त्वचेत आणखी आत नेतो. साबण आणि पाणी पुरे. खाज ही अॅलर्जीची सुरुवात असू शकते, आणि इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. पुढे थोड्याशा संपर्कानेही पुरळ उठतं. त्वचा बरी होईपर्यंत काम थांबवा, पुरळ राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. पुन्हा सुरू कराल तेव्हा नायट्राइलचे हातमोजे घाला, ते डागाळले की बदला, बाही मनगटापर्यंत ओढा. ग्लास आणि कार्बन शक्यतो पाणी लावून घासा आणि तोंडावर एन९५ मास्क ठेवा. कार्बनची धूळ मोटरच्या स्पीड कंट्रोलरमध्ये गेली तर शॉर्ट होतो, म्हणून घासकाम संपवून, जागा ओल्या फडक्याने पुसल्यावरच इलेक्ट्रॉनिक्सचा डबा उघडा.