बुडत्या बँकांची अडकलेली मालमत्ता सरकारने कोणत्या भावाने घ्यावी?

बँकांकडे अडकलेली मालमत्ता, म्हणजे पैसे परत येण्याची खात्री नसलेली कर्जं आणि रोखे, कोणत्या भावाने घ्यावी: पुस्तकी किंमत (बँकेच्या हिशेबवहीत नोंदलेली) की आजचा घबराटीतला बाजारभाव, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्ही नाही. पुस्तकी किंमत दिली तर बँकेचा तोटा थेट करदात्यांच्या माथी. घबराटीतला भाव दिला तर तोटा मान्य करताच बँक दिवाळखोर ठरते.

अमेरिकेने 2008 मध्ये 700 अब्ज डॉलरपर्यंतची योजना मंजूर केली ती अशाच खरेदीसाठी. उलट्या लिलावाचा बेत होता: जो स्वस्तात विकेल त्याच्याकडून घ्यायचं. पण प्रत्येक रोखा वेगळा, आणि आत काय दडलंय ते विकणाऱ्यालाच जास्त ठाऊक. सगळ्यात नासका माल सरकारच्या गळ्यात पडण्याची भीती होतीच. शेवटी ती खरेदी बाजूला ठेवून बँकांत भांडवलच घातलं गेलं.

आयर्लंडमध्ये बँकांची अडकलेली कर्जं विकत घेण्यासाठी काढलेल्या 'नामा' या संस्थेने 74 अब्ज युरोंची कर्जं सुमारे 32 अब्जांना घेतली, तीही दीर्घकालीन मूल्याचा अंदाज धरून. बँकांच्या भांडवलाला मोठं खिंडार पडलं, पण तोटा लपला नाही.

मला हेच पटतं: किंमत कडक लावा, कमी पडलेलं भांडवल द्या आणि बदल्यात शेअर घ्या. मग भाव थोडा जास्त लागला तरी तो पैसा बऱ्याच अंशी सरकारच्याच मालकीत राहतो. जुन्या भागधारकांना फुकटात वाचवणं मात्र अजिबात मान्य नाही.