रात्रीच्या जागरणाविषयी

प्रिय मुली,

बाळ पाचव्या महिन्यात आले तरी रात्रीतून चार-पाच वेळा उठते, त्याला रडू देऊन एकटे झोपायची सवय लावावी असे सगळे सुचवतात आणि तुझ्याने ते होत नाही, असे तू लिहिलेस. होत नसेल तर करू नकोस; मात्र ते न केल्याने तुझे जागरण आपोआप संपणार नाही, हेही आधीच सांगते. माझ्या मते तुझ्यापुढचा खरा प्रश्न बाळाच्या झोपेचा नसून तुझ्या विश्रांतीचा आहे आणि त्याची उत्तरे निराळी आहेत.

मोठ्या माणसाच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे 90 मिनिटांचे असते, तर तान्ह्या बाळाचे जेमतेम 50 ते 60 मिनिटांचे. आवर्तन संपताना थोडी जाग आपल्यालाही येते, पण आपण कूस बदलून पुन्हा झोपतो; बाळ मात्र कोणी जवळ आहे का याचा कानोसा घेते आणि नसेल तर हाक मारते. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास झोपेची घडणच बदलत असल्यामुळे, आधी बरे झोपणारे मूल अचानक वारंवार उठू लागले तर त्यात तुमचे काही चुकलेले नसते. कॅनडातील एका अभ्यासात, जो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, सहा महिन्यांच्या सुमारे 38 टक्के आणि वर्षाच्या सुमारे 28 टक्के बाळांना सलग सहा तासांची झोप लागत नव्हती. शिवाय त्या बाळांच्या बौद्धिक किंवा शारीरिक विकासात काही उणे आढळले नाही. ‘अजून रात्रभर झोपत नाही का?’ असे विचारणाऱ्यांना हे आकडे अवश्य ऐकव.

बाळाच्या हाकेला ओ दिल्याने ते लाडावते, ही समजूत जुनी आहे. मूल आणि आईवडील यांच्या जवळिकीचा अभ्यास करणारे मानसतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलेल्या आणि मेरी एन्सवर्थ यांनी प्रत्यक्ष निरीक्षणांनी पुढे नेलेल्या विचारानुसार, भरवशाचे माणूस वेळेवर येते हा अनुभवच पुढच्या स्वावलंबनाचा पाया असतो. असे असले तरी ज्यांनी स्लीप ट्रेनिंगचा, म्हणजे बाळाला एकटे झोपायची सवय लावण्याचा, मार्ग धरला त्यांच्या मुलांचे कायमचे नुकसान झाले, असे म्हणणे मला पटत नाही. ऑस्ट्रेलियात सौम्य प्रकारचे स्लीप ट्रेनिंग दिलेल्या मुलांची सहाव्या वर्षी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात आणि इतर मुलांत फरक दिसला नाही. तेव्हा तो मार्ग धरणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला दोष न देता तू आपला मार्ग धर.

आता रात्रीचे बोलू. बाळ कुरकुरले की लगेच उचलू नकोस, क्षणभर नीट पाहा. तान्ह्या बाळाच्या झोपेचा मोठा भाग चुळबुळीचा असतो आणि झोपेत हातपाय हलवणाऱ्या बाळाला आपणच कित्येकदा जागे करतो. ते खरोखर जागे झाले असेल तर मंद उजेडात, फारसे न बोलता पाज. अंगावर पिता पिता झोपणे ही वाईट खोड नाही. तुला ते जड होऊ लागले तर डोळे मिटण्याआधी हळूच बाजूला करून नुसते थोपटत राहा, जमले नाही तर पुन्हा पाज आणि आठवड्याभराने परत करून बघ. सकाळी मात्र खिडकीजवळ भरपूर उजेडात ने, म्हणजे दिवस-रात्रीचे भान लवकर येते. रात्री चांगले झोपेल म्हणून दिवसा जागे ठेवण्याचा उपाय करू नकोस. अतिदमलेले बाळ अधिकच चिडचिड करते.

निजवण्याच्या जागेबाबत मात्र मी कठोर आहे. बाळाला नेहमी पाठीवर, टणक आणि सपाट गादीवर, उशी, मऊ दुलई आणि खेळणी दूर ठेवून निजव. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिले किमान सहा महिने बाळाची स्वतंत्र जागा आईवडिलांच्या खोलीतच, त्यांच्या पलंगालगत ठेवण्याचा सल्ला देते. पाजायला उठणेही त्यामुळे सोपे जाते. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन डोळा लागणे सर्वांत धोक्याचे, म्हणून पेंग येत असेल तर तिथे पाजायला बसूच नकोस. घरात कोणी धूम्रपान करत असेल, कोणी दारू किंवा गुंगीचे औषध घेतले असेल किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर त्याला आपल्या अंथरुणात मुळीच घेऊ नये.

तुझ्या विश्रांतीसाठी रात्र दोघांत वाटून घ्या. पहिल्या पाळीत त्याच्या वडिलांनी बाळाला सांभाळावे, फक्त भुकेलाच तुला उठवावे आणि तू संध्याकाळीच, घर आवरायचे राहिले तरी, आडवी हो. पुरुषाच्या हाताने बाळ शांत होत नाही हे खरे नाही. त्याला सराव मिळालेला नसतो, एवढेच. रडणे असह्य होऊन संताप येऊ लागला तर बाळाला पाठीवर सुरक्षित निजवून काही मिनिटे खोलीबाहेर जा. ते रडले तरी चालेल, पण त्याला कधीही गदागदा हलवायचे नाही.

बाळाचे वजन वाढत नसेल, ते झोपेत घोरत असेल किंवा त्याचा श्वास मध्येच अडतो असे वाटले, तर झोपेच्या युक्त्या बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. बाळ गाढ झोपले असतानाही तुला झोप येत नसेल, दिवसेंदिवस मन उदास राहत असेल किंवा स्वतःचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर ते नुसते थकव्यावर ढकलू नकोस. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्यासाठी याच आठवड्यात डॉक्टरांना भेट आणि मनात असे विचार येत असतील तर आजच कोणाला तरी सोबत घेऊन जा.

तुझी हितचिंतक